अंगावर पिणारे बाळ आणि गोव्याची बोट

अंगावर पिणारे मूल घेऊन बाईने लांबचा प्रवास करू नये, अशी आपल्या घराघरांत एक पक्की समजूत आहे. मूल मोठे होऊ दे, अंगावरचे सुटू दे, मग बघू, असे म्हणता म्हणता आपल्या लेकी-सुनांची दोन-दोन, तीन-तीन वर्षे चार भिंतींत निघून जातात. नवरा मित्रांबरोबर चार दिवस फिरून येतो, सासू-सासरे सहलीला जाऊन येतात, आणि लेकुरवाळी मात्र घराची किल्ली सांभाळीत बसते.

पण हीच समजूत बाळगणारे आपण, पोटासाठी प्रवास करणाऱ्या बाईला कधीच अडवीत नाही. ऊसतोडीला निघालेली बाई तान्हे मूल मांडीवर घेऊन ट्रकमधून कारखान्यावर जाते आणि फडाच्या बांधावर बसून त्याला पाजते. वीटभट्टीवरची बाई झाडाला झोळी बांधते. भाजीची पाटी घेऊन लोकलच्या डब्यात चढणारी बाई दाराशी बसून, पदराखाली लेकरू घेऊन, अर्ध्या मुंबईचा प्रवास करते. त्या वेळी कोणी म्हणत नाही की बाई, तुझे दूध बाधेल. मग जे कामासाठी चालते ते चार घटका विसाव्यासाठी का चालू नये? आणि चालवायचे असेल तर त्यासाठी घरातल्या इतर माणसांनी काय करावयास हवे? या दोन प्रश्नांची उत्तरे एका प्रवासात मिळाली, ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

कारकुनी हिशेबाची क्रूझ

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही पाच जण मुंबईहून गोव्याला आणि परत असा दोन रात्रींचा समुद्रप्रवास करून आलो. पाच जण म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, तिचे यजमान, तिच्या सासूबाई, मी आणि आठ महिन्यांची चिमुरडी. क्रूझ म्हटले की श्रीमंतांचा थाट डोळ्यांपुढे येतो, आणि तो तसा असतोही. आम्ही मात्र कारकुनी हिशेबाने गेलो. भाचीने नामकरणाचा मोठा समारंभ टाळून घरच्या घरी चार माणसांत नाव ठेवले होते. जावईबापूंच्या हाती दिवाळीचा बोनस होता, माझी भिशी लागली होती आणि विहीणबाईंनी गाठीचे काही काढले. सर्वांत स्वस्त, खिडकी नसलेली, चौघांची एकच केबिन घेतली.

मुंबई-गोवा बोट आपल्याला नवी नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि पुढे पणजीपर्यंत बोटी जात असत. त्या बंद पडल्या. २०१८ साली आंग्रिया नावाचे जहाज या मार्गावर आले, तेही पुढे थांबले. सप्टेंबर २०२१ पासून मोठ्या क्रूझ जहाजाच्या फेऱ्या मुंबईहून सुरू झाल्या. पूर्वीची बोट गावाला पोहोचविण्यासाठी होती, आताची बोट नुसते फिरविण्यासाठी आहे, एवढाच काय तो फरक.

बाळाला घेऊन जाणाऱ्यांनी एक नियम आधी विचारून घ्यावा. बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरीला बाळ वर्षाचे असावे लागते. गरोदर बाईला चोवीस आठवडे झाल्यानंतर सहसा प्रवेश नसतो. यात अपमान मानण्याचे कारण नाही. जहाजावर दवाखाना असतो, पण मोठे इस्पितळ नसते. भर समुद्रात काही झाले तर किनारा गाठण्यात वेळ जातो, म्हणून हा नियम आहे. आमची चिमुरडी आठ महिन्यांची असल्याने अडचण आली नाही. तिचा जन्माचा दाखला आणि निळे बाल आधार बरोबर ठेवले होते.

डबा लावायचा की नाही?

निघण्याच्या पंधरा दिवस आधी घरात चर्चा सुरू झाली. विहीणबाई म्हणाल्या, "आठ महिन्यांचं लेकरू आणि खारा वारा. हिला बोट लागली तर दूध नासेल. त्यापेक्षा आतापासूनच डबा लावा. सवय होईल, म्हणजे बोटीवर हिलाही मोकळं हिंडता येईल."

त्यांच्या बोलण्यात मायाच होती. त्यांनी स्वतः कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात उभे राहून तीन मुले वाढविली. कंत्राटी कामगार असल्यामुळे पगारी रजा त्यांच्या वाट्याला आली नाही. तिन्ही मुलांना दोन-अडीच महिन्यांवर डब्याच्या दुधाला लावून त्या कामावर गेल्या. कामावर असताना दूध दाटून यायचे आणि पोलके भिजायचे, हे त्यांनी मला एकदा सांगितले होते. डबा ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती, तो त्यांच्या पिढीचा नाइलाज होता.

भाची म्हणाली, "मावशी, तूच सांग ना आईंना. मला हिंडायचंय ते हिला घेऊन. हिला तोडून नाही."

आमच्या वस्तीत अंगणवाडीच्या ताईंबरोबर मी मातांच्या बैठका घेते. तेथे जे सांगते तेच विहीणबाईंना सांगितले. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही आईचे दूध चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. दूध हे साठवून ठेवलेल्या हंड्यासारखे नसते. बाळ जितके ओढील तितके तयार होते, आणि ओढणे थांबले की आटू लागते. एकदम तोडले तर छातीत दूध साचून गाठी होतात, कणकण येते, ताप भरतो. प्रवासासाठी दूध तोडणे म्हणजे पाहुणे यायचे म्हणून घरची भरलेली विहीर बुजवून टँकर बोलावण्यासारखे आहे.

शिवाय टँकरचीही सोय हवी ना! दुधाची भुकटी निर्जंतुक नसते. ती किमान सत्तर अंश तापमानाच्या पाण्यात कालवावी लागते, मग निववून द्यावी लागते. प्रत्येक वेळी बाटली आणि बूच उकळावे लागते. आणि बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीने प्रवाशांना विजेची किटली नेऊ देत नाहीत. रात्री दोन वाजता उकळते पाणी मागण्यासाठी कोण कोठे धावणार? जिच्या छातीशी दूध तयार आहे, ऊनही आहे आणि स्वच्छही आहे, तिने हा उपद्व्याप का करावा?

आपल्या देशात १९९२ साली बाळाच्या दूध-भुकटीविषयी कायदा झाला, २००३ साली तो अधिक कडक झाला. दोन वर्षांखालील बाळांसाठी दुधाची भुकटी, बाटल्या आणि तयार अन्न यांची जाहिरात करण्यास त्याने बंदी आहे. ज्या आईला खरोखरच दूध येत नाही किंवा डॉक्टरांनी ज्यांना सांगितले आहे, त्यांनी डबा जरूर वापरावा, त्यात कमीपणा नाही. पण सोयीसाठी म्हणून डबा लावायचा असेल, तर ती सोय कोणाची, हे एकदा स्वतःला विचारावे.

विहीणबाईंचे पूर्ण समाधान झाले नाही. "बघू, समुद्र काय म्हणतो ते," एवढे बोलून त्यांनी बाळाची झबली-टोपडी भरायला घेतली.

बॅलार्ड पिअर ते खांदेरी

दुपारी बॅलार्ड पिअरला पोहोचलो. सामानाची तपासणी विमानतळासारखी होते. घरचे शिजवलेले अन्न आत नेऊ देत नाहीत, बाळाचे नाचणी सत्त्व मात्र दाखवून आत नेता आले. केबिन म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीच्या निम्मी. खाली दोन अरुंद पलंग, वर भिंतीला लावलेले दोन बर्थ, रेल्वेसारखे. बाळासाठी घडीचा पाळणा आधीच सांगून ठेवला होता, तो दोन पलंगांच्या मधोमध कसाबसा मावला. खालचे पलंग भाचीला आणि विहीणबाईंना दिले. मी आणि जावईबापू वर चढलो.

जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना सुरक्षिततेची माहिती देतात. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की आपल्या नेमलेल्या ठिकाणी जमायचे. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज बुडाल्यानंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून ही कवायत सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे सक्तीचे झाले. लोक फोटो काढण्यात गुंग होते. विहीणबाईंनी मात्र नेमका प्रश्न विचारला, "बाळाचं जाकीट कुठाय?" आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तास किंवा त्याहून लांबच्या फेरीवर जहाजात असलेल्या प्रत्येक तान्ह्या बाळासाठी त्याच्या मापाचे जाकीट असावेच लागते. मोठ्यांचे जाकीट बाळाला चालत नाही, ते त्यातून निसटते. कर्मचाऱ्याने पाच मिनिटांत छोटे नारिंगी जाकीट केबिनमध्ये आणून दिले. बाळ घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न पहिल्या तासातच विचारावा.

संध्याकाळी भोंगा झाला आणि मुंबई मागे सरकू लागली. ज्या शहरात आपण उभे राहून, लोंबकळून, घामाघूम होऊन दिवस काढतो, ते शहर समुद्रातून इतके शांत दिसते यावर विश्वास बसत नाही. कुलाब्याच्या टोकाशी प्रॉन्ग्जचे दीपगृह दिसले, ते १८७५ चे. पुढे काही वेळाने खांदेरीचा दिवा लुकलुकला. तेथील दीपगृह १८६७ चे असून त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. भाची डेकवरच्या खुर्चीत बसून, ओढणी पुढे घेऊन बाळाला पाजीत होती, आणि बाळ एक डोळा उघडा ठेवून दिव्यांकडे पाहात होते.

विहीणबाईंची जुनी आठवण तेथे निघाली. त्यांचे माहेर रत्नागिरीकडचे. वडील गिरणीत, आई गावाला, असे जाणे-येणे बोटीनेच. त्या तान्ह्या असताना आई त्यांना घेऊन डेकवर वळकटी टाकून निजायची. "बंदराला धक्का नसायचा," त्या म्हणाल्या, "बोट लांब उभी राहायची आणि पडावात उतरावं लागायचं. आई सांगायची, लेकरू आधी खाली द्यायचं. वरच्यानं खालच्याच्या हाती, त्यानं पुढच्याच्या हाती. पाणी उसळत असताना कुणी कुणाचं आडनाव विचारीत नसे."

मी म्हटले, "मग विहीणबाई, तुम्ही अंगावर पीतच बोटीतून आलात की!" त्या हसल्या. म्हणाल्या, "आलेच असेन. आईकडं डबा कुठला असणार?"

बोट आईला लागली, दुधाला नाही

डिसेंबरात समुद्र शांत असतो, तरी सवय नसलेल्याला हेलकावा जाणवतोच. रात्री जेवणानंतर भाचीला बोट लागली. दोन वेळा उलटी झाली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, पाणीही नको म्हणू लागली. तेवढ्यात बाळ जागे होऊन तोंड फिरवू लागले. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट सहसा लागत नाही, त्यामुळे चिमुरडी मात्र ठणठणीत होती.

विहीणबाई घाबरल्या. "आता पाजू नकोस बाई, तिच्या पोटात जाईल ते."

जहाजाच्या दवाखान्यात मी गेले. डॉक्टरांची फी वेगळी पडते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पहिले वाक्य मी हेच सांगितले की आई अंगावर पाजते आहे. डॉक्टर म्हणाले, "मावशी, बोट आईला लागली आहे, दुधाला नाही. खुशाल पाजू द्या." उलटीच्या काही गोळ्यांनी आईला गुंगी येते आणि बाळही सुस्तावू शकते, म्हणून आपल्या मनाने गोळी देऊ नका, असेही त्यांनी बजावले. आधी घोट घोट पाणी, लिंबू-मीठ-साखर, कोरडे बिस्किट, आल्याचा तुकडा. एवढ्याने भागले नाही तर गोळी. एका रात्रीच्या उलट्यांनी दूध आटत नाही, पण आईच्या अंगातले पाणी कमी होऊ देऊ नका, ती थकेल, हे त्यांचे शेवटचे सांगणे.

परत आले आणि आमच्या केबिनमध्ये कामाची वाटणी झाली. भाची कुशीवर निजून बाळाला पाजीत होती. विहीणबाई दर पाच-सात मिनिटांनी चमच्याने तिच्या तोंडात सरबत घालीत होत्या. पलंग अरुंद, आई थकलेली, डोळा लागला तर बाळ दबण्याची किंवा घरंगळण्याची भीती. म्हणून जावईबापू जमिनीवर बसून पहारा देत होते. पाजून झाले की तेच बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढीत, लंगोट बदलीत आणि पाळण्यात ठेवीत. मधल्या वेळी बाळ रडले तर मी त्याला घेऊन लांबलचक बोळातून फेऱ्या मारीत होते. पहाटे तीनच्या सुमारास सगळे शांत झाले.

त्या रात्री मला जे दिसले तेच या लेखाचे सार आहे. दूध आईलाच द्यावे लागते, ते दुसरे कोणी देऊ शकत नाही. पण दुधाखेरीज जे जे आहे, पाणी, पहारा, लंगोट, अंगाई, धीर, ते ते सर्व दुसऱ्याला देता येते. आपल्या घरात उलटे होते. दूध आईचे म्हणून बाकीचेही सगळे आईचेच, असे आपण धरून चालतो. मग ती थकते, आणि थकली की आपण म्हणतो, बघा, म्हणूनच म्हटले होते, डबा लावा.

सकाळी भाची उठली ती भूक लागली म्हणूनच. आम्ही तिला उघड्या डेकवर नेऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहात बसविले. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. तेथे हेलकावा सर्वांत कमी असतो.

जेवणाच्या दालनातले जेवण

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या दालनात गर्दी होती. बाळाला साधे वरण, भात आणि कुस्करलेले केळे दिले, पण तिला हवे होते आईचे. भाचीने कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि ओढणी घेतली. पलीकडच्या टेबलावरच्या कोणीतरी काही सांगितले असावे. वाढपी मुलगा अवघडून आमच्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, बाथरूमच्या बाजूला लहान मुलांची जागा आहे." ती जागा लंगोट बदलण्याची होती, हे मी आधीच पाहून आले होते.

भाचीचा चेहरा उतरला. जावईबापू उठू लागले. मी तोंड उघडणार तोच विहीणबाई बोलल्या, "बाळा, तू इथं जेवण वाढतोस ना? मग हिचंही जेवणच चाललंय. आटोपलं की उठतो आम्ही."

आवाज चढलेला नव्हता. नातवाला समजावावे तसे त्या बोलल्या. मुलगा निघाला सिंधुदुर्गाकडचा, मराठी समजणारा. तो ओशाळून हसला, गेला आणि पाण्याचा भरलेला जग आणि पाठीला लावायला एक उशी घेऊन आला. "पाजताना तहान लागते ना," म्हणाला, "आमच्या घरी पण लहान आहे." मग भाचीचे जेवण होईपर्यंत तो मधूनमधून येऊन तिचे ताट पाहात होता. पंधरा दिवसांपूर्वी डबा लावा म्हणणाऱ्या विहीणबाई सुनेसमोर पाठ करून, पदर सारखा करीत, पहाऱ्यासारख्या बसून होत्या.

कांपालची सावली

मुरगाव बंदरात जहाज लागले. वास्कोहून पणजी सुमारे तीस किलोमीटर. बाळ बरोबर असताना सगळा गोवा पाहण्याचा हव्यास धरू नये. एक जागा ठरवावी, तेथे निवांत बसावे आणि परतावे. झुआरी नदीवरचा नवा पूल ओलांडून आम्ही पणजीला गेलो आणि मांडवीच्या काठी कांपालच्या झाडांखाली बसलो. समोर रुंद पात्र, त्यातून जाणाऱ्या फेरीबोटी, वारा. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने बाळ रडताना पाहिले आणि स्वतः सरकून हाक मारली, "बाय, हांगा सावळेंत बस." भाची तिच्या शेजारी बसली. दोघींची भाषा वेगळी, पण बोलणे चांगले अर्धा तास चालले. तेथे कोणाला ओढणीची काळजी नव्हती. संध्याकाळच्या आत आम्ही बंदरावर परत आलो.

जिचे बाळ किनाऱ्यावर राहिले

परतीच्या प्रवासात केबिन आवरायला येणारी मुलगी बाळ पीत असताना आली आणि दारातच थांबली. "नंतर येते," म्हणाली, पण गेली नाही, पाहातच राहिली. ईशान्येकडच्या एका राज्यातली ती. मोडक्या हिंदीत तिने सांगितले की तिचा मुलगा दीड वर्षाचा आहे. त्याला दहा महिन्यांचा असताना आपल्या आईजवळ सोडून ती नोकरीवर आली. पहिला आठवडा न्हाणीघरात उभी राहून दूध पिळून टाकीत होती. मग आपोआप आटले. एवढे बोलून तिने चादर बदलली, कोपऱ्यातला कचरा उचलला आणि पुढच्या केबिनकडे गेली.

विहीणबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं पोलकं भिजायचं, तसंच."

मातृत्व लाभाचे विधेयक १९२८ साली मुंबई विधिमंडळात आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तो भार मुख्यतः सरकारने व काही अंशी मालकानेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या देशव्यापी कायद्याने कामावर परतलेल्या आईला, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी जादा सुटी दिली. २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. पण जिचे बाळ हजारो किलोमीटर दूर आहे, तिला त्या दोन सुट्यांचा काय उपयोग? आणि कंत्राटावरच्या, घरकाम करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईपर्यंत त्या पोहोचतात तरी का? एकाच जहाजावर एक आई बाळाला छातीशी धरून सूर्यास्त पाहाते आणि दुसरी तिची चादर बदलते. दोघींचे दूध सारखेच, फरक भार उचलणाऱ्यांचा.

हिरकणीची गोष्ट आपण सारे शाळेत शिकलो. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, म्हणून ती गवळण घरच्या तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरून गेली. तिच्या धाडसाचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक आईने कडाच उतरावा, अशी अपेक्षा का? दार उघडणाऱ्याचेही काही काम असते.

बाळ घेऊन निघणाऱ्यांसाठी

प्रवास बोटीचा असो, एसटीचा असो की रेल्वेचा, काही गोष्टी सगळीकडे उपयोगी पडतात.

आईने पुढून उघडणारे कपडे घालावेत. जुन्या मऊ साडीची झोळी बरोबर ठेवावी, हात मोकळे राहतात. वातानुकूलित जागेत बाळाला टोपडे आणि मोजे, उघड्यावर मात्र ऊन टाळावे. आईची पाण्याची बाटली भरण्याची जबाबदारी एका माणसाला नेमून द्यावी.

दूध पिळून ठेवायचे झाल्यास ते खोलीत चार तास आणि नीट थंड फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. केबिनमधला छोटा फ्रिज पुरेसा थंड असेलच असे नाही, ते पाहून घ्यावे. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरू शकते. त्या जंतूंवर हाताला चोळायच्या द्रवाचा भरवसा नाही, साबण आणि पाण्यानेच हात धुवावेत, विशेषतः बाळाला घेण्यापूर्वी. जहाजावरच्या तलावात लंगोट घातलेल्या बाळांना सहसा उतरू देत नाहीत, आग्रह धरू नये. आणि कोणतेही औषध घेण्यापूर्वी, बाळ अंगावर पिते, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावे.

क्रूझ प्रत्येकाला परवडणार नाही. परवडलीच पाहिजे असेही नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी फेरीबोट जाते, तिच्यात बसून लेकुरवाळीला एका रविवारी समुद्र दाखवून आणता येईल. मुद्दा जहाजाच्या आकाराचा नाही. तिला घेऊन जाण्याचा आणि तिच्याबरोबर काम वाटून घेण्याचा आहे.

आणि घराबाहेरचेही एक काम आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी एसटी स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष केलेले आहेत. पाटी असते, पण कित्येक ठिकाणी दाराला कुलूप असते, नाहीतर आत जुने फर्निचर रचलेले असते. आपल्या भागातल्या स्थानकावर जाऊन तो कक्ष एकदा उघडून पाहा. कुलूप असेल तर स्थानकप्रमुखांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा, किल्ली कोणाकडे असते ते विचारा, आत एक खुर्ची, पंखा आणि पिण्याचे पाणी मागा. खाली दहा-पंधरा जणांच्या सह्या घ्या. त्यांत बायांच्या सह्या तर हव्यातच, पण बापांच्या, भावांच्या आणि सासऱ्यांच्याही असू द्या. अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन पाहा.